खांदेरीचा दिवा, पेणचा पंखा आणि रिमोटची रेंज

ताज्या भागाचा हा लिखित मसुदा. बोलताना दर दोन वाक्यांनी येणारं माझं 'म्हणजे काय, तर' कमी केलंय, आकडे तपासून लिहिलेत, बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलंय.

विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आला. हे काका पेणचे, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे त्यांचा. त्यांनी लिहिलं की शेड ऐंशी फूट लांब आहे, श्रावणात जमिनीवर ओळीने मूर्ती मांडलेल्या असतात, मधे पाऊल ठेवायला जागा नसते. म्हणून रिमोटवाले पंखे बसवले. पण रिमोट तीस फुटांच्या पुढे ऐकत नाही. आता मुलगा म्हणतोय, रिमोटला एखादा जबरदस्त टॉर्च नाहीतर हॅलोजन जोडला तर रेंज वाढेल. वाढेल का?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण ज्यांनी पेणचे कारखाने आतून पाहिलेत त्यांना कळेल की काकांना घाई का होती. शाडूची मूर्ती बाहेरून भरभर वाळली आणि आतून ओली राहिली की तडा जातो. आखणीवाला डोळे रेखत बसलेला असताना वरून वारा आणि धूळ नको असते. पंखा कधी हवा असतो, कधी ताबडतोब बंद व्हायला हवा असतो. बुकिंग झालेली मूर्ती चतुर्थीच्या आठ दिवस आधी तडकली तर गिऱ्हाइकाला सांगायचं काय?

तर जास्त उजेड म्हणजे जास्त रेंज, हे खरं का? या एका प्रश्नावर माणसाने गेली दोनशे वर्षं डोकं लावलंय, आणि सुरुवात आपल्या शेजारीच करता येते.

अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात खांदेरी आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या नाकावर टिच्चून या बेटावर किल्ला उभा केला, ती गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढे १८६७ मध्ये इंग्रजांनी तिथे दीपगृह बांधलं, त्याकडे मात्र सहलीला गेलेले लोक फोटोपुरतं बघतात. त्या काळात वीज नाही. दिवा म्हणजे तेलाची ज्योत. ती मैलोगणती लांबून दिसायची कशी?

याचं उत्तर ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच इंजिनिअरने आधीच देऊन ठेवलं होतं. १८२३ मध्ये त्याचं भिंग फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात बसलं. ज्योतीचा उजेड चहूकडे वाया जातो, आकाशात जातो, पायाशी जातो. फ्रेनेलने काचेच्या कड्यांवर कडी रचून तो सगळा गोळा केला आणि क्षितिजाच्या दिशेने वळवला. ज्योत तीच ठेवून त्याने फक्त तिचा पसारा आवरला. हे तुम्हाला रोह्याच्या स्टेशनवरही बघता येईल. मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते ते रोहा. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून सिग्नलकडे बघा. जुन्या रंगीत सिग्नलच्या आत मोटारीच्या दिव्याएवढा छोटा बल्ब असायचा, पण पुढे भिंग होतं, म्हणून ड्रायव्हरला तो भर दुपारीही लांबून दिसायचा. तोच सिग्नल रुळांपासून थोडं बाजूला जाऊन पाहिला तर मलूल दिसायचा.

मग दुसरी अडचण आली. दिवा दिसला, पण तो कोणता? किनाऱ्यावर दुसरे दिवे असतात, गावातले, होड्यांवरचे. १८५१ मध्ये चार्ल्स बॅबेजने, हो, तोच, आमच्या धंद्याचा मूळपुरुष, असं सुचवलं की दीपगृहाने ठरावीक तालात उघडझाप करावी आणि आपला नंबर सांगावा. आज प्रत्येक दीपगृहाची उघडझाप नोंदवलेली असते. खलाशी घड्याळ धरून मोजतो आणि ओळखतो. दिवा कितीही मंद दिसो, ताल जुळला म्हणजे तो आपलाच.

भिंग आणि ताल, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. रिमोटमध्ये त्या जशाच्या तशा परत येणार आहेत.

त्याआधी एक छोटा फाटा, कारण मला तो आवडतो. तेव्हाचं कराची मुंबई इलाख्यात होतं. तिथे पर्शियन आखाताच्या तारखात्यात हेन्री मान्स नावाचा इंजिनिअर होता. त्याने १८६९ च्या सुमारास हेलिओग्राफ बनवला. तिपाईवर आरसा, आणि आरसा किंचित हलवायची एक कळ. सूर्याचा कवडसा समोरच्या ठाण्यावर पाडायचा आणि कळीने मोर्सच्या तालात चमकवायचा. अफगाण युद्धात इंग्रजी फौजेने हे भरपूर वापरलं. पाच इंची आरशाने तीस-चाळीस मैलांवर निरोप जायचा, आणि तोही बॅटरीशिवाय. हे शक्य होतं कारण सूर्य आपल्याला अवघा अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे कवडसाही अर्ध्या अंशानेच पसरतो. दहा किलोमीटरवर तो साधारण नव्वद मीटर रुंद होतो, बस. उलट आपल्या टीव्हीच्या रिमोटमधला एलईडी सुमारे चाळीस अंशांत पसरतो, म्हणजे दहाच मीटरवर त्याचं वर्तुळ सात मीटरचं. हेलिओग्राफची किंमत वेगळीच होती. नेम चुकला की समोरच्याला काहीच दिसत नाही, आणि ढग आला की बोलणंच बंद.

आता घरात येऊ. अमेरिकेत शिकागोच्या झेनिथ कंपनीने १९५० मध्ये टीव्हीसाठी 'लेझी बोन्स' नावाचा वायरवाला रिमोट काढला. वायर लोकांच्या पायात यायची. १९५५ मध्ये तिथल्याच यूजीन पॉली या इंजिनिअरने वायर काढून टाकली. त्याच्या यंत्राचं नाव फ्लॅशमॅटिक. दिसायला खेळण्यातल्या पिस्तुलासारखं, आत चक्क टॉर्च. टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार फोटोसेल. या कोपऱ्यावर उजेड मारला की चॅनल पुढे, त्या कोपऱ्यावर मारला की मागे, एका कोपऱ्याने जाहिरातीचा आवाज बंद. काकांच्या मुलाला जे सुचलं तेच, सत्तर वर्षांपूर्वी.

आणि ते फसलं. फोटोसेलला फक्त 'उजेड आला' एवढंच कळत होतं. कोणाचा आला, ते कळत नव्हतं. दुपारी खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपोआप चॅनल बदलायचा. टॉर्च आणखी मोठा करून उपयोग नव्हता, कारण स्पर्धा सूर्याशी होती. बॅबेजने शंभर वर्षांपूर्वी सांगितलेला ताल फ्लॅशमॅटिकमध्ये नव्हता.

झेनिथने पुढच्याच वर्षी उजेडाचा नाद सोडला. व्हिएन्नाहून आलेल्या रॉबर्ट ॲडलरने 'स्पेस कमांड' बनवला. त्यात बॅटरी नाही, बल्ब नाही. बटण दाबलं की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि कानाला न ऐकू येणारा उच्च आवाज निघायचा. दांडीची लांबी वेगळी, स्वर वेगळा, काम वेगळं. माझ्या मते ही घरगुती वस्तूंमधली एक अत्यंत देखणी रचना आहे. पुढची वीस-पंचवीस वर्षं असेच अल्ट्रासॉनिक रिमोट चालले. पण किल्ल्यांचा जुडगा खणखणला तरी कधीकधी टीव्ही दचकायचा. आणि दांड्या तरी किती बसवणार? युरोपात टेलिटेक्स्ट आलं, पान क्रमांक द्यायला आकड्यांची बटणं लागली, तेव्हा हे गणित बसेनासं झालं.

आपल्याकडे तेव्हा काय होतं, तर मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, रंग आला १९८२ मध्ये. पेण-रोह्याकडे छपरावर अँटेना, आणि घरातलं सगळ्यात धाकटं पोर हा रिमोट. त्याची रेंज अंगणापर्यंत होती आणि ते उलट उत्तरही द्यायचं.

उजेड परत आला तो एलईडीमुळे. १९६१ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जेम्स बिअर्ड आणि गॅरी पिटमन यांना गॅलियम आर्सेनाइडचा तुकडा इन्फ्रारेड, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले अवरक्त किरण, फेकताना सापडला. पुढच्या वर्षी त्यांच्या कंपनीने असा एलईडी विकायला काढला, किंमत एका नगाला १३० डॉलर. आज तोच माल लॅमिंग्टन रोडवर चहाच्या पैशात मिळतो. एलईडीचा खरा गुण त्याचा उजेड नव्हता. तो भलत्या वेगाने उघडझाप करू शकतो, हा होता. टॉर्चच्या बल्बची तार तापायला आणि निवायला वेळ लागतो. एलईडीला तो लागत नाही.

त्यामुळे ताल देता आला, आणि तोही प्रचंड जलद. बहुतेक रिमोट सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकतात. हा आकडा आला कुठून? स्वस्ताईतून. जगभरचे मिडीयम वेव्ह रेडिओ आतल्या आत ४५५ किलोहर्ट्झ वापरतात, त्यामुळे त्या आकड्याचे रेझोनेटर मुबलक आणि स्वस्त. ४५५ ला १२ ने भागा, ३७.९ येतात. ज्या सुट्या भागामुळे आजोबांचा रेडिओ विविध भारती धरायचा, त्याच्याच भावंडाने नातवाच्या रिमोटचा ताल ठरवला.

टीव्हीत बसलेला रिसीव्हर, इंजिनिअरिंगच्या पोरांचा लाडका टीसॉप, हा काळ्या प्लॅस्टिकचा एक चणा असतो. काळं प्लॅस्टिक दिसणारा उजेड अडवतं, इन्फ्रारेड आत सोडतं. आत एक गाळणी असते, जी ३८ किलोहर्ट्झच्या आसपासचं सोडून बाकी सगळं फेकून देते. ऊन प्रचंड असतं, पण ते लुकलुकत नाही, म्हणून गाळणीतून जात नाही. पॉलीला जो सूर्य हरवता आला नाही, त्याला या चण्याने सहज बाजूला ठेवलं. रिमोटचं बटण दाबून मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, बहुतेक फोनमध्ये जांभळट ठिणगी दिसेल.

बाजूला ठेवलं म्हटलं, पण पुरतं नाही. इथे आपण पेणला परत येतो.

मी एका शनिवारी काकांच्या कारखान्यात गेलो. पावसाळी हवा, म्हणून मूर्ती वाळवायला दोन्ही भिंतींना हॅलोजन लावलेले. हॅलोजन म्हणजे नावाला दिवा, खरं तर शेगडी. त्याची बहुतेक ऊर्जा इन्फ्रारेडमध्येच जाते. रिसीव्हरच्या गाळणीतून हा उजेड जात नसला, तरी तिच्या आधी जो फोटोडायोड बसलाय त्याच्यावर तो पडतोच. तिथे गोंगाट वाढतो. रिसीव्हर गोंगाट ऐकून आपली संवेदनशीलता स्वतःच कमी करतो, लग्नात बँड वाजायला लागला की आपण कानावर हात घेतो तसं. मग रिमोटची कुजबुज त्याला ऐकू येत नाही. म्हणजे मुलगा ज्या हॅलोजनने रेंज वाढवायची म्हणत होता, तोच हॅलोजन रेंज खात होता. त्याला रिमोटच्या तालात लुकलुकवावं म्हटलं तर तेही अशक्य, सेकंदाच्या लाखाव्या भागात तार निवत नाही.

जाताजाता, सीएफएलचा छळ याहून वाईट होता. २००९ मध्ये बचत लॅम्प योजना आली, घरोघरी सीएफएल लागले. त्यांच्या बुडातलं सर्किट हजारो हर्ट्झवर चालतं, काहींचं नेमकं रिमोटच्या शेजारच्या आकड्यांत. तो उजेड गाळणीतून थेट आत. कित्येक घरांत रिमोट बिघडला म्हणून नवा आणला असेल, आणि दोष डोक्यावरच्या दिव्याचा.

हॅलोजनचे मुखडे आम्ही पंख्यांकडून मूर्तींकडे खाली वळवले, वर पत्र्याची झडप लावली. रिमोट लगेच बराच पुढे ऐकू जायला लागला. काका म्हणाले, "एवढंच होतं?" एवढंच नव्हतं, शेवटचे दोन पंखे अजून बहिरे होते.

आता गणित. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो. तीस फुटांवरून ऐंशी फुटांवर जायचं तर साधारण सातपट उजेड पाहिजे. तो दोन वाटांनी मिळतो. पहिली वाट ताकदीची. सतत पेटवला तर १०० मिलिअँपिअर सहन करणारा एलईडी अगदी छोट्या झपक्यात एक अँपिअरही सोसतो, कारण तापायला त्याला सवडच मिळत नाही. एक ट्रान्झिस्टर, एक मोठा कपॅसिटर, हवं तर चार एलईडी. चालतं. पण सीसीटीव्हीच्या रात्रीच्या दिव्यांसारखे मोठे इन्फ्रारेड एलईडी किंवा लेझर लावायच्या मी विरोधात आहे, आणि हे जरा ठासून सांगतो. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. दिसत नाही म्हणून बुबुळ आकसत नाही, पापणी मिटत नाही. ज्या शेडमध्ये आखणीवाले दिवसभर डोळे ताणून बसतात आणि शाळा सुटल्यावर पोरं येतात, तिथे असली हौस नको.

दुसरी वाट फ्रेनेलची. चाळीस अंशांत पसरणारा झोत दहा अंशांत आवळला, तर ऐंशी फुटांवर सतरा मीटरऐवजी चार मीटरचं वर्तुळ पडतं, आणि त्यातला उजेड साधारण सतरापट होतो. बॅटरी तीच. आम्ही पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात एका टोकाला शाळेतलं भिंग बसवलं, दुसऱ्या टोकाला रिमोटचं नाक. शेवटचा पंखा फिरला. नेम मात्र धरावा लागतो. काकांचा मुलगा ते बंदुकीसारखं धरतो, आणि मला दर वेळी पॉलीचं पिस्तूल आठवतं.

इथे थांबता आलं असतं. पण ही गोष्ट मी रोह्याला मामांना सांगितली आणि त्यांनी लगेच विचारलं, "मग आमचा पंप घरातून चालू होईल काय?"

मामांचा पंप कुंडलिकेच्या काठी, घरापासून चारशे मीटर. भात निघालं की कलिंगड आणि भाजीपाला. शेतीपंपांची वीज चक्राकार, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री बारानंतर बॅटरी घेऊन बांधावरून जायचं, स्टार्टर दाबायचा. कोकणात फुरसं आणि मण्यार काय असतात ते वेगळं सांगायला नको. आमच्या नात्यातच एकांना अशा फेरीत साप चावलाय. ते वाचले, सगळेच वाचत नाहीत. स्टार्टरला 'ऑटो' लावून ठेवणारे पुष्कळ असतात, पण मग नदी आटली असली किंवा व्होल्टेज पडलेलं असलं तरी मोटर बिचारी वीज आली की सुरू होते, आणि जळते.

रिमोट दहा मीटर जातो असं धरलं तर चारशे मीटर म्हणजे चाळीसपट अंतर, सोळाशेपट उजेड. भिंगाने तेही जमवता येईल, मान्स तर मैलांच्या गोष्टी करत होता. पण मधे आंब्याची झाडं आहेत, पावसाळ्यात धारा, हिवाळ्यात नदीवरचं धुकं. आणि याहून मोठी अडचण म्हणजे रिमोट फक्त बोलतो, ऐकत नाही. पंखा फिरला की नाही हे आपण डोळ्यांनी बघतो, म्हणून आपल्याला ते कधी खटकत नाही. चारशे मीटरवर अंधारात मोटर चालू झाली का, पाणी आलं का, वीज तरी आहे का? हेलिओग्राफवर समोरचं ठाणं चमकून उत्तर द्यायचं. रिमोटला उत्तर मिळत नाही.

हे ज्याने ओळखलं तो माणूस आपल्या पुण्याचा. संतोष ओस्तवाल, इंजिनिअर. आजोबांची पंपासाठीची पायपीट त्यांनी पाहिली होती. त्यांनी बनवलेल्या यंत्राचं नाव 'नॅनो गणेश'. स्टार्टरला मोबाइलचं मोडेम जोडायचं, शेतकऱ्याने घरून फोन लावायचा, कोड दाबायचा, मोटर चालू. वीज आहे का, मोटर चालली का, हे पलीकडून येणाऱ्या टोनवरून कळतं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतं. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. आज असे मोबाइल स्टार्टर बनवणारे बरेच आहेत.

मामांनी गेल्या दिवाळीनंतर एक बसवला. नदीच्या खोलगट भागात सगळ्या कंपन्यांचं नेटवर्क येत नाही, म्हणून आधी तीन सिम घालून पाहिली आणि पेटीची अँटेना बांबूवर बारा फूट उंच चढवली. पहिल्या रात्री साडेबाराला त्यांनी अंथरुणातून फोन लावला, स्पीकरवर टोन ऐकला, आणि तरीही बॅटरी घेऊन खात्री करायला गेले. मामी म्हणाल्या, आता रोज जाणार असाल तर यंत्र परत द्या. दुसऱ्या रात्रीपासून नाही गेले.